प्रोटीनला काय चिकटलं, काय सुटलं : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले प्रश्न वाचताना एक गोष्ट लक्षात आली. कुणी शुगरच्या रिपोर्टबद्दल विचारलंय, कुणी रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल, कुणी फवारणीबद्दल, वरवर बघायला गेलं तर एकमेकांशी काही संबंध नाही, पण उत्तरं शोधत गेलं की सगळी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आपल्या पेशीत प्रोटीन तयार झालं म्हणजे काम संपलं असं नसतंय. तयार झाल्यावर त्याला फॉस्फेट जोडलं जातंय, साखर चिकटतेय, कधी काही तोडून काढलं जातंय, आणि ते प्रोटीन काम करणार, गप्प बसणार की बिघडणार हे त्यावर ठरतंय. पुस्तकात ह्याला पोस्ट ट्रान्सलेशनल मॉडिफिकेशन असं लांबलचक नाव आहे, ते लक्षात नाही राहिलं तरी चालतंय.

प्रश्न : सर नमस्कार. वय ४६, आम्ही वडगावचे, घरी लूम आहेत. उपाशीपोटी शुगर ११२ आली म्हणून मी निवांत होते, पण एचबीएवनसी ७.१ आलं. लॅबमधला मुलगा म्हणाला अक्का, रक्तातल्या प्रोटीनला साखर चिकटलीय. मग ती काढायला काही औषध नाही काय? दुसरं म्हणजे मला पाळीत लई जातंय, हिमोग्लोबिन ८.५ आहे. त्याचा ह्याच्याशी काय संबंध आहे काय?

उत्तर : अक्का, दुसरा प्रश्न तुम्ही सहज विचारल्यासारखा शेवटी टाकलाय पण खरा मुद्दा तोच आहे, त्याच्याकडे येतोच, आधी चिकटण्याचं बघू.

तुम्ही बेळगावचा कुंदा घरी केला असेल तर माहीत असणार, दूध आटवत आटवत गेलं की पांढऱ्याचा तपकिरी रंग होतो आणि तो खमंग वास सुटतो. ते होतं कारण दुधातली साखर दुधातल्या प्रोटीनला जाऊन चिकटते आणि पुढं त्यातून एकातून एक पदार्थ तयार होत जातात. लुई कामिय माइयार नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये ही रिअॅक्शन मांडली. तीच रिअॅक्शन आपल्या अंगात ३७ डिग्रीला होत असते, चुलीइतकी आच नाही म्हणून लई सावकाश होते एवढंच. तिला एन्झाइम, म्हणजे पेशीतली कामं घडवून आणणारं प्रोटीन, लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, रक्तात साखर जितकी जास्त आणि जितके दिवस जास्त तितकी ती चिकटणार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला व्हॅलिन नावाचं अमिनो अॅसिड असतं, त्याला ग्लुकोज चिकटलं की ते झालं एचबीएवनसी. डायबेटिसवाल्यांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन जास्त असतं हे तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर ह्यांनी १९६८ मध्ये दाखवलं, म्हणजे आज जी टेस्ट गल्लोगल्ली होते तिचं मूळ इराणात आहे.

काढायला औषध नाही. एकदा पक्कं चिकटलं की ती तांबडी पेशी मरेपर्यंत तसंच राहतं, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तर ह्या आकड्यात मागच्या दोन तीन महिन्यांचा हिशोब दिसतो. आदल्या दिवशी उपास करून आकडा सुधारता येत नाही, ते उपाशीपोटीच्या शुगरमध्ये जमतं. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ आणि पुढं डायबेटिस, असं धरतात. ७ म्हणजे सरासरी शुगर १५४ च्या आसपास.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अंगात लोह कमी असलं की नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, जुनी पेशी म्हणजे साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले, त्यामुळं शुगर तेवढी नसतानाही एचबीएवनसी थोडं वर दिसू शकतं. उलट लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की नव्या पेशी भराभर येतात आणि आकडा खाली येतो, रक्त चढवलं, एकदम खूप रक्त गेलं किंवा पेशी लवकर फुटण्याचा आजार असला तरी खाली येतो. म्हणजे ८.५ हिमोग्लोबिन असताना तुमच्या ७.१ वर एकट्यावर विश्वास ठेवता येत नाही. पण खुशही होऊ नका, कारण उपाशीपोटी ११२ हे स्वतःच काठावरचं आहे, नॉर्मल १०० च्या आत पाहिजे. डॉक्टरांना हे दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा, जेवणानंतर दोन तासांची शुगर करून घ्या, फ्रुक्टोसमीन नावाची टेस्ट पण असते, त्यात हिमोग्लोबिनच्या जागी रक्तातल्या मुख्यतः अल्ब्युमिन प्रोटीनला चिकटलेली साखर मोजतात, ती मागच्या दोन तीन आठवड्यांचं सांगते आणि लोहाच्या भानगडीत अडकत नाही. आणि पाळीत जास्त का जातंय ते बायकांच्या डॉक्टरांकडं आधी बघून घ्या, घरची कामं आणि लूमची ऑर्डर थांबतील चार दिवस.

एक सांगायचं राहिलं. तांबडी पेशी चार महिन्यांत मरते म्हणून हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचा मोठा तोटा नाही, ती फक्त खबर देते. तोटा होतो तो जी प्रोटीन वर्षानुवर्षं बदलली जात नाहीत तिथं. डोळ्याच्या भिंगातलं क्रिस्टलिन जन्मभर तेच राहतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजन पण लई दिवस टिकतं, त्यांना साखर चिकटून पुढं एकमेकांत गुंता झाला की भिंग धूसर होतं, वाहिन्या कडक होतात. शुगरवाल्यांना मोतीबिंदू लवकर येतो त्यातलं एक कारण हे.

प्रश्न : वडिलांच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ राहायची असेनोकुमेरॉल गोळी चालू आहे. नातेवाईक म्हणतात पालेभाजी एकदम बंद करा. आमच्याकडं मेथी, शेपू, राजगिरा असल्याशिवाय जेवण होत नाही. काय करावं? — शहापूर, बेळगाव

उत्तर : बंद करू नका, ठराविक ठेवा. एवढंच उत्तर आहे, पण कारण कळलं तर नातेवाइकांना सांगता येईल.

रक्त गोठवणारी जी प्रोटीन आहेत, दोन, सात, नऊ आणि दहा नंबरचे फॅक्टर, ती लिव्हरमध्ये तयार होतात पण तयार झाल्या झाल्या कामाची नसतात. त्यांच्यातल्या ग्लुटामिक अॅसिडवर एक जास्तीचा कार्बॉक्सिल गट बसवावा लागतो, प्रोथ्रॉम्बिनवर असे दहा ठिकाणी बसवतात, मग त्याला कॅल्शियम धरता येतं आणि कॅल्शियमच्या जोरावर ते जखमेच्या जागी जाऊन बसतं. हा गट बसवणाऱ्या एन्झाइमला व्हिटॅमिन के लागतं. प्रत्येक वेळी व्हिटॅमिन के वापरलं जातं, परत ताजं केलं जातं, परत वापरलं जातं. गोळी काय करते, तर ते परत ताजं होणं अडवते. फॅक्टर तयार होतो, रक्तात फिरतो, पण कार्बॉक्सिल नसलेला, म्हणजे असून नसल्यासारखा.

आता पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर. रोज वाटीभर भाजी खाणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, बघून डोस ठरवला, तो त्या भाजीसकट ठरलेला असतो. नातेवाइकांचं ऐकून तुम्ही एकदम बंद केली तर तोच डोस जास्त होऊन हिरडीतून, लघवीतून रक्त यायला लागेल. आणि कुणाच्या घरी जाऊन चार दिवस पालक मेथीवर ताव मारला तर डोस कमी पडून झडपेवर गुठळी व्हायची भीती. म्हणून जेवढी खायची तेवढी रोज खायची. आधीच्या फॅक्टरचा साठा संपायला दोन तीन दिवस लागतात, त्यामुळं आज डोस बदलला तर उद्या आयएनआर हलला नाही म्हणून स्वतःच्या मनानं अजून अर्धी गोळी घ्यायची नाही. अँटिबायोटिक, अंगदुखीची गोळी, झाडपाला, काहीही नवीन सुरू करताना ह्या गोळीचं नाव सांगायचं, मेडिकलवाल्याला पण सांगायचं.

ही औषधं सापडली ती गुरांमुळं. १९२० च्या दशकात अमेरिका कॅनडात कुजलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्त वाहून मरत होती, विस्कॉन्सिनच्या कार्ल पॉल लिंक ह्यांच्या लॅबनं त्यातला पदार्थ वेगळा काढला, त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला विकायला आलं आणि नंतर माणसांना. हे वडिलांना सांगू नका, गोळी सोडतील.

प्रश्न : सर, मी पीयूसी सेकंड इयर सायन्सला आहे, निपाणीत. दहावीपर्यंत मराठी मिडियम होतं म्हणून बायोलॉजी डोक्यावरून जातंय. फॉस्फोरिलेशन प्रत्येक चॅप्टरमध्ये येतंय. नुसतं एक फॉस्फेट लावल्यानं एवढं काय होतंय?

उत्तर : अरे, मिडियमचं टेन्शन घेऊ नको, इंग्लिश मिडियमवाल्यांच्यापण डोक्यावरूनच जातंय, ते सांगत नाहीत एवढंच.

फॉस्फेटवर दोन निगेटिव्ह चार्ज असतात. प्रोटीन म्हणजे घडी पडलेली साखळी, तिची घडी कुठं प्लस कुठं मायनस ह्यावर टिकलेली असते. तिच्या सेरीन, थ्रिओनिन किंवा टायरोसिनवर तू अचानक एवढा मोठा मायनस आणून बसवलास की जवळपासचं सगळं सरकतं, घडी बदलते, आणि एन्झाइमचं तोंड उघडतं किंवा मिटतं. फॉस्फेट एटीपीकडून घेतात, एटीपी म्हणजे पेशीला ताकद पुरवणारा पदार्थ. लावणारे एन्झाइम म्हणजे कायनेज, माणसात ते पाचशेच्या वर आहेत, काढणारे फॉस्फटेज. आपल्याकडं प्रोटीनची जीन्स २०,००० च्या आसपासच आहेत, एवढ्यात सगळा कारभार कसा चालतो ह्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

एक उदाहरण नीट पाठ कर, बाकी आपोआप येतील. लिव्हरमध्ये आणि मसलमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखर साठवलेली असते. समज सकाळची बस सुटतेय आणि तू पळतोस. अॅड्रिनॅलिन सुटलं, पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप पोचवणारा पदार्थ वाढला, त्यानं एक कायनेज चालू केलं, त्यानं दुसरं, दुसऱ्यानं ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजच्या चौदाव्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट लावलं, ते चालू झालं आणि ग्लायकोजेन फोडायला लागलं. आता मजा बघ, त्याच वेळी ग्लायकोजेन बनवणाऱ्या सिंथेजलापण फॉस्फेट लावलं जातं आणि ते बंद पडतं. म्हणजे एकच फॉस्फेट एकाला चालू करतंय एकाला बंद, नाहीतर एका बाजूनं फोडायचं दुसऱ्या बाजूनं बनवायचं असा नुसता एटीपीचा खर्च झाला असता. बस मिळाली, बसलास, डबा खाल्लास, इन्सुलिन आलं की फॉस्फटेज ती फॉस्फेटं काढून टाकतं आणि उलटा कारभार सुरू. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज ह्यांनी हे १९५५ मध्ये ह्याच एन्झाइमवर शोधलं, नोबेल मिळालं १९९२ मध्ये. क्रेब्ज सायकलवाला क्रेब्ज वेगळा, तो हान्स, परीक्षेत घोळ करू नको.

आणि जागा महत्त्वाची. इन्सुलिन रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं इन्सुलिन ओळखणारं प्रोटीन, स्वतःच एक कायनेज आहे, तो पेशीतल्या आयआरएस नावाच्या प्रोटीनच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतो आणि साखर आत घ्यायचा निरोप पुढं जातो. पण पेशीत चरबी साचली की दुसरी कायनेज त्याच आयआरएसच्या सेरीनवर फॉस्फेट लावतात आणि निरोप तिथंच अडतो. प्रोटीन तेच, फॉस्फेट तेच, चार बोटं इकडं तिकडं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात त्यातला मोठा भाग हा.

प्रश्न : खानापूरहून लिहितोय, रिटायर्ड कंडक्टर, वय ६३, शुगर आहे. आमच्याकडं दोन्ही वेळा भात. जेवल्यावर स्टेशनपर्यंत चालत जाऊन आलो की मशीनवर शुगर कमी दिसते. गोळी तर तीच आहे, मग कसं काय?

उत्तर : कंडक्टरसाहेब, मशीनवर आधी आणि नंतर बघायचं तुम्हाला सुचलं हेच भारी आहे, शंभरातले दहाजण पण करत नाहीत.

वर त्या पोराला लिहिलं तसं इन्सुलिनचा निरोप तुमच्या पेशीत अडकतोय. पण मसलला साखर आत घ्यायचा दुसरा रस्ता आहे, त्याला इन्सुलिन लागत नाही. पाय चालायला लागले की मसलमधलं एटीपी खर्च होतं, त्यातून उरणारं एएमपी वाढतं, ते एएमपीके नावाच्या कायनेजला कळतं. हे एएमपीके आणि मसलच्या आखडण्याचे बाकीचे निरोप मिळून ग्लूट फोर नावाचं साखर आत घेणारं प्रोटीन पेशीच्या पोटातून वर पृष्ठभागावर आणतात. इन्सुलिनपण शेवटी तेच करत असतं, फक्त त्याची वाट बिघडलेली आहे आणि ही वाट शुगरवाल्यांच्यातपण शाबूत असते. त्याच दमात एएमपीके चरबी बनवणाऱ्या एका मुख्य एन्झाइमला फॉस्फेट लावून बंद करतं म्हणजे चरबी बनायची थांबून जळायला लागते. चालून आल्यावर पुढचा दिवस दीड दिवस मसल इन्सुलिनला जरा जास्त ऐकतं, म्हणून रविवारी एकदम दहा किलोमीटर करण्यापेक्षा तुमचं रोजचं स्टेशन बरं. मेटफॉर्मिन घेत असाल तर ती गोळीपण लिव्हरमध्ये एएमपीकेला जागं करते, तिच्या कामाचा तो एक रस्ता आहे.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर ठेवा, चालताना घाम फुटून हात थरथरले तर बसा आणि खा. भाताचं म्हणाल तर भात सोडा असं मी खानापूरच्या माणसाला सांगणार नाही, आधी भाजी आमटी आणि मग भात आणि तो एक वाढप कमी, एवढं बघा.

प्रश्न : आमचं कोबी फ्लॉवर असतंय, कडोली भागात. औषध मारून आल्यावर भावाला घाम, तोंडाला पाणी, डोळ्यांना अंधारी. दवाखान्यात कोलिनएस्टरेज कमी आहे म्हणाले. दोन दिवसांत बरा झाला पण टेस्ट अजून कमीच येतेय. आता परत फवारणीला पाठवावं काय?

उत्तर : नाही. टेस्ट वर येईपर्यंत त्याला पंपाला हात लावू देऊ नका, कारण सांगतो.

क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट असली ऑरगॅनोफॉस्फरस औषधं म्हणजे वर जे फॉस्फेटचं लिहिलं त्याचाच वाईट प्रकार आहे. नसेतून मसलला निरोप जातो तो असिटिलकोलिन नावाच्या पदार्थानं, आणि निरोप पोचला की तो लगेच फोडून टाकायला असिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम असतं. औषध अंगात गेलं की ह्या एन्झाइमच्या बरोबर कामाच्या जागेवर, तिथल्या सेरीनवर, फॉस्फेटचा तुकडा बसतो आणि तो आपोआप निघत नाही म्हटलं तरी चालेल. मग असिटिलकोलिन साचत जातं, लाळ, घाम, डोळ्याची बाहुली बारीक, जुलाब, मसल फडफडणं आणि शेवटी श्वास अडकणं. किडा ज्या कारणानं मरतो त्याच कारणानं माणूस मरतो, फरक डोसचा.

दवाखान्यात अॅट्रोपिन देतात ते साचलेल्या असिटिलकोलिनचा परिणाम अडवतं, फॉस्फेट काढत नाही. फॉस्फेट ओढून काढायला पॅम नावाचं औषध आहे पण ते कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, कारण बसलेल्या तुकड्याचा एक भाग थोड्या वेळानं गळून पडतो आणि उरलेला कायमचा पक्का होतो, मग पॅमनंपण निघत नाही. डायमेथोएटसारख्यात हे काही तासांत होतं, क्लोरपायरीफॉससारख्यात जास्त वेळ मिळतो. म्हणून असा माणूस घरी झोपवून सकाळी बघू म्हणायचं नाही, औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन सरळ दवाखाना, उलटी काढायचा खटाटोप करायचा नाही, कपडे काढून साबण पाण्यानं अंग धुवायचं आणि धुणाऱ्यानं हातमोजे घालायचे.

बरा होऊनपण टेस्ट कमी का, तर पक्कं झालेलं एन्झाइम सुधारत नाही, नवीनच यावं लागतं. तांबड्या पेशीवरचं एन्झाइम नव्या पेशी येतील तसं दिवसाला साधारण एक टक्का ह्या गतीनं भरून येतं. लिव्हरमधून येणारं त्याचं भावंड जरा लवकर सुधारतं, रिपोर्टवर कुठलं मोजलंय ते विचारून घ्या. तोवर एन्झाइमचा साठाच कमी, त्यात परत थोडं जरी औषध गेलं तरी पहिल्यापेक्षा जोरात लागेल. घरात जो कोणी फवारेल त्यानं वाऱ्याच्या दिशेनं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोजे, तोंडाला बांधून, आणि मध्येच तंबाखू मळायची नाही. हे शेवटचं निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणी ऐकत नाही तरी लिहितो, औषधाच्या हातानं मळलेली तंबाखू म्हणजे औषध तोंडात घालणं झालं.

प्रश्न : ऑनलाइन सर्ट्युइन वाढवून म्हातारपण थांबवणारी एनएमएन कॅप्सूल आणि कोलॅजन पावडर मिळते. घ्यावी काय? — टिळकवाडी

उत्तर : सर्ट्युइन हे प्रोटीनवरचा असेटिल गट काढणारं एन्झाइम, त्याला एनएडी नावाचा मदतनीस पदार्थ लागतो, एनएमएनपासून एनएडी बनतं, इथपर्यंत सगळं खरं आहे. उंदरांत काही फायदेपण दिसलेत. त्यावरून माणसाचं म्हातारपण थांबतं हे कुणी सिद्ध केलेलं नाही, ते जाहिरातवाल्यानं स्वतःच्या खिशातनं घातलंय. कोलॅजन पावडर पोटात गेली की बाकीच्या प्रोटीनसारखी पचून तिचे तुकडे होतात, त्यातले कुठले चेहऱ्याला जायचे हे पावडर ठरवत नाही. अंगात कोलॅजन तयार होताना त्याच्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट लावायला व्हिटॅमिन सी लागतं, ते नसलं की कोलॅजनची दोरी सैल पडते, हिरड्या सुजून रक्त येतं, जुन्या खलाशांचा स्कर्व्ही तो हाच. पेरू खा, आवळा खा, ताटात लिंबाची फोड घ्या. उरलेल्या पैशात वर्षातून एकदा शुगर आणि हिमोग्लोबिन करून घ्या, दोन्ही एकाच दिवशी.